ओढ्याकाठचे सहा एकर आणि आयांचे शनिवार

मी, नेत्रा सत्यजित कारखानीस, वय सेहेचाळीस, मूळची नागपूरची, गेली बावीस वर्षं स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया इथे राहणारी, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही आणि हे लिहिताना मी कुणावर रागावलेली नाही. यातलं शेवटचं विधान कलम ४ ला लागू नाही. येत्या अठरा जूनला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मला मात्र गोष्टी लिहून ठेवल्याशिवाय झोप लागत नाही.

इंग्रजी मृत्युपत्र वकीलबाईंकडे आहे. दोन्हींत फरक निघाला तर मालमत्तेपुरतं ते खरं धरावं आणि कारणांपुरतं हे.

१. राहतं घर सत्यजितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आणि माझ्या दोघांच्या नावावर आहे. ते त्याचं होईल. गॅरेजच्या खिडकीशी माझं टेबल आहे. त्यावर पिसं, दोरे आणि बारीक गळ पसरलेले असतात, कारण माशांना फसवणारे खोटे किडे मी तिथे बांधते. टेबल आवरू नये, असं म्हणणार होते. पण घर त्याचं. आवरावं.

२. माझी बचत मुलगी अनिका (वय सतरा) आणि मुलगा ईशान (वय चौदा) यांना शिक्षणासाठी समान. या कलमावर मी सगळ्यात कमी विचार केला आणि तेच बहुधा सगळ्यात बरोबर आहे.

३. माझ्या एकवीस डायऱ्या अनिकाला. अनिका, तुझ्याबद्दल मी त्यांत दोन ठिकाणी वाईट लिहिलं आहे. दोन्ही वेळा मी चुकले होते आणि पुढच्या पानावर तसं कबूलही केलं आहे. पुढचं पान वाचल्याशिवाय रागावू नकोस.

४. पाण्यात उतरताना घालायचे माझ्या छातीपर्यंतच्या रबरी विजारी, ज्यांना इथे वेडर्स म्हणतात, त्यांतला जुना जोड आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष गिरीशभाऊजी यांना. त्यांनी गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत, माइक हातात असताना, "वहिनी, आता पुढच्या वर्षी मोदकांत कोळंबी का?" असं विचारलं होतं. सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आहे. वेडर्सना डाव्या गुडघ्यात भोक आहे. मी ते बुजवलेलं नाही. वकीलबाईंनी हे कलम गाळायला सुचवलं. मी ठेवत आहे.

५. माझी मासे पकडायची काठी. ही खरं तर लोइस हार्टर यांची. लोइस आयुष्यभर शाळेची बस चालवत होत्या. आज त्या एक्क्याऐंशीच्या आहेत आणि वृद्धाश्रमात परिचारिकांना मासेमारीवर व्याख्यानं देतात. दहा वर्षांपूर्वी इथल्या तळ्यावर मुलांसाठी मासेमारीचा मोफत दिवस होता. सत्यजित आणि मुलं काठावर होती. मी मागे, हातात पाण्याच्या बाटल्या, जाकिटं, पुसायचे कागद आणि ईशानचा एक बूट. लोइस स्वयंसेवक होत्या. त्यांनी विचारलं, "तुझी काठी कुठे आहे?"

मी म्हटलं, "मी नुसती आई आहे."

त्या म्हणाल्या, "मी तीन जणांची आहे. हात तरीही चालतात." आणि माझ्या हातातलं सगळं काढून त्यांनी गवतावर ठेवलं.

मला त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही. पण चाळीस मिनिटं माझ्याकडे कुणीही काहीही मागितलं नाही. हे मी डायरीत लिहिलं आणि लगेच पुढे लिहिलं, "यात आनंद वाटणं बरोबर आहे का?" दहा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर हळूहळू तयार झालं. हो.

काठी कुणा एकाच्या नावे करत नाही. ती कलम ८ मधल्या शेडमध्ये टांगावी. जी बाई पहिल्यांदा येईल, तिने ती वापरावी.

६. रायफल. कायद्याप्रमाणे कागदपत्रं करून ती चारुताला द्यावी. चारुता ही गिरीशभाऊजींची बायको. कलम ४ मुळे घोळ होऊ नये म्हणून सांगते, चारुता मला प्रिय आहे. सुरुवातीला नव्हती. "मुलांना सोडून चिखलात कसली गं मजा?" हे तिचं पहिलं वाक्य. कलम ८ मधल्या शनिवारांच्या तिसऱ्या वर्षी ती "फक्त बघायला" आली, आणि आता नोव्हेंबरच्या थंडीत हरणांच्या शिकारीचं नारंगी जाकीट घालून झाडावरच्या मचाणावर चार चार तास हलत नाही. घरी मात्र तिला सोफ्यावर दहा मिनिटं बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी स्वतः एकच हरीण मारलं. मी शाकाहारी घरातली. ते मारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरलं असं खोटं इथे लिहिणार नाही. आम्ही ते वाया घालवलं नाही. मी रडले आणि जेवले. दोन्ही खरं.

७. माझी राख ओढ्यात टाकू नये. राखेने पाण्याचा गुण बदलतो आणि ट्राउट मासे नाजूक असतात. भावनेपेक्षा माती-पाण्याचं ऐकावं.

८. आता जमीन. याच कलमासाठी बाकीची कलमं लिहिली.

गावाबाहेर पंचवीस मिनिटांवर माझ्या एकटीच्या नावावर सहा एकर आहेत. त्यांत झाडी, एक शेड आणि मधून वाहणारा ओढा आहे. लोइसनी वृद्धाश्रमात जाताना ती जागा मला दिली. तिथे मी महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, आयांना बोलवायला लागले. त्यांत मराठी जास्त, दोन तमिळ, एक कोरियन. मुलांशिवाय यायचं.

पहिल्या शनिवारची कबुली द्यायला हवी. आम्ही नऊ जणी गेलो आणि सोबत सतरा डबे. मीच सगळ्यांना काठ्या आणायला सांगितल्या होत्या आणि मीच पहाटे उठून साठ साबुदाणा वडे तळले होते. मग कुणाला चटणी हवी, कुणी गरम करायला शेगडी लावली, कुणी कागदी ताटल्या गोळा केल्या. चार वाजता भांडी ओढ्यात विसळताना राधिका, माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण, म्हणाली, "नेत्रा, आपण आज स्वयंपाकघर पंचवीस मिनिटं लांब नेलं यार." पाण्याला तोवर कुणाचाही गळ लागलेला नव्हता.

तेव्हापासूनचे नियम इथे लिहून ठेवते. डबा आणायचा नाही; रस्त्यातल्या पेट्रोल पंपावर सँडविच मिळतं, ते वाईट असतं, तेच खायचं. मासा पकडलाच पाहिजे असं नाही, मारला पाहिजे असं तर नाहीच; नुसतं दगडावर बसणं हाही खेळ धरावा. घरून फोन आला आणि "मीठ कुठे आहे?" असं विचारलं गेलं तर उत्तर देऊ नये. मूल आजारी असेल तर हा नियम शिथिल. नवऱ्याला ताप असेल तर तिने स्वतः ठरवावं.

ही जमीन मी या आयांच्या नावे विश्वस्त निधी करून ठेवू इच्छिते. चारुता आणि राधिका विश्वस्त.

आता अडचण. इथल्या कायद्याप्रमाणे माझ्या मागे सत्यजितचा माझ्या मालमत्तेत हिस्सा आहे. त्याने जमिनीवरचा हक्क लेखी सोडला नाही, तर हे कलम उद्या मोडू शकतं. मार्चमध्ये मी त्याला विचारलं. तो वाईट माणूस नाही, हेही इथे नोंदवते.

"सहा एकर आहेत, नेत्रा. उद्या मुलांना लागतील."

"मुलांना विचारू?"

"मुलांचं सोड. तू गेल्यावर, म्हणजे तू नसताना, तुझ्या मैत्रिणी किती दिवस जातील? तू फोन करतेस, तू गाड्या ठरवतेस, तू काठ्या बांधून देतेस. तू नसशील तर दोन शनिवार. मग गवत वाढेल आणि टॅक्स आपण भरू."

तो बरोबर असेल अशी मला भीती वाटली. आई गेली की घरातलं जे जे थांबतं, तसंच हेही थांबणार असेल, तर मी आयांना मोकळं केलं नाही. मी फक्त आणखी एका जागी आई झाले.

मुलांना विचारलंच. अनिका म्हणाली, "गिव्ह इट टू द मावशीज. मी विकून टाकीन अँड देन आय'ल फील टेरिबल." मग थोड्या वेळाने, "आर यू स्केअर्ड, आई?" मी हो म्हटलं. ईशानने विचारलं की बाकीच्या शनिवारी मुलगे गेले तर चालेल का. चालेल. तसं निधीच्या कागदात घातलं आहे.

एप्रिलपासून डॉक्टरांनी मला गाडी चालवायला आणि पाण्यात उतरायला बंदी केली. पाच शनिवार झाले. मी ठरवून कुणालाही फोन केला नाही, आठवण दिली नाही, आणि कुणी गेलं का हेही विचारलं नाही. हा प्रामाणिकपणा होता की हट्ट, हे मला सांगता येत नाही. त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतात, जमिनीबद्दल बोलत नाहीत. बहुधा मला वाईट वाटेल म्हणून. म्हणजे आजच्या तारखेला मला माहीत नाही.

म्हणून या कलमाखाली सत्यजितसाठी जागा मोकळी सोडत आहे. त्याने सही केली नाही, तर जमीन त्याची आणि मुलांची होईल. त्यावरून त्याला कुणी बोलू नये. चारुता, तुला विशेष करून सांगते.

९. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून सत्यजितला नेमते. कलम ८ मध्ये तो माझ्या विरुद्ध गेला तरीही. एवढ्या वर्षांत त्याने दिलेला शब्द मोडल्याचं माझ्या डायऱ्यांत कुठेही नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, दोन ठिकाणी खोडलं आणि मान्य केलं.

नेत्रा सत्यजित कारखानीस

साक्षीदार:
१. अदिती सुशांत बापट. (यातलं मला काही मिळत नाही आणि मी कारखानीसांच्या शेजारी राहते.)
२. संजय देवधर. (सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी वाचला नाही, फक्त कलम ४ वाचलं.)

पतीचं निवेदन:

मी, सत्यजित अरुण कारखानीस, वकीलबाईंनी दिलेलं वाक्य आधी लिहितो: कलम ८ मधल्या जमिनीवरचा माझा कायदेशीर हक्क मी राजीखुशीने आणि कायमचा सोडत आहे.

पुढचं वकीलबाईंनी सांगितलेलं नाही. सतरा मे, शनिवारी, मी एका माणसाला जागा दाखवायला गेलो होतो. त्याला विकत घ्यायची होती. नेत्राला मी हे सांगितलं नव्हतं. फाटकाशी नऊ गाड्या होत्या. पाण्यात अकरा जणी उभ्या होत्या आणि त्यांतल्या चौघींना मी कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांतली एक नेत्राला ओळखतसुद्धा नव्हती. मी हाक मारली तर चारुतावहिनी वळल्याही नाहीत. "भाऊजी, हळू. मासे पळतात," एवढंच म्हणाल्या.

त्या माणसाला मी परत पाठवलं. मी तासभर थांबलो. त्या वेळात मला कुणीही काही विचारलं नाही.

सत्यजित अरुण कारखानीस

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
गुरुवार, १२ जून २०२५