दिवाळी नावाचं बेट

प्रिय अप्पा,

आज पाडवा. मामा आत्ताच दुपारच्या एसटीने कुडपणला परत गेला. घर पुन्हा रिकामं झालं आहे आणि स्वयंपाकघरात तेलाचा वास राहिला आहे. आपल्या घरात तळणाचा वास, अप्पा! तुम्ही जाऊन चार महिने झाले, आणि एवढी मोठी बातमी सांगायला घरात माणूस नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. वर्षभर घरात सण करायचा नसतो, कढई चढवायची नसते, हे मला शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट देताना सांगितलं. दिवाळीच्या सकाळी सगळ्या आळीत फटाके वाजत होते आणि मी उंबऱ्यावर बसून होते. तुम्ही भूगोलाचे मास्तर. कपाटातून शाळेचा ॲटलास काढलात, माझ्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "मने, आपल्याकडे या वर्षी सण नाही. पण नकाशात आहे. चल, जाऊन येऊ."

पेनाचं टोपण म्हणजे आपलं गलबत. निघायचं दासगावच्या धक्क्यावरून. जगाच्या नकाशात दासगाव कुठलं असायला! तुम्ही पेन्सिलीने टिंब काढलंत. सावित्रीतून बाणकोट, तिथून समुद्र, मग खाली खाली जावा बेटाच्या दक्षिणेला. तिथे एक ठिपका होता, ख्रिसमस बेट. "पोचलो!" असं म्हणून तुम्ही खिशातून लिमलेटची गोळी काढून दिलीत.

संक्रांतीला आपण ईस्टर बेटावर होतो. शिमग्याला ब्राझीलमधल्या नाताल, म्हणजे नाताळच्याच नावाच्या, शहरात. पॅसिफिकमध्ये अजून एक ख्रिसमस बेट सापडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं, एकाची बोट चुकली तर दुसरं आहे." आई गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात ते तेव्हा. मला अजून आठवतं.

मग मी विचारलं, "अप्पा, दिवाळी नावाचं बेट कुठाय?"

तुम्ही चष्मा लावून ॲटलासच्या शेवटची नावांची यादी वरपासून खालपर्यंत वाचलीत. खरंच वाचलीत, मला फसवायला नाही. "नाही गं," म्हणालात. मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कधी विसरले नाही. "ही नावं कोणी ठेवली ठाऊक आहे? सणाला जे घरापासून लांब होते त्यांनी. ऐन नाताळात बोटीवर अडकलेला माणूस. त्याला घर आठवलं, समोर बेट दिसलं, त्याने त्यालाच नाताळचं नाव दिलं. आपली माणसं सणाला घरी येतात. म्हणून आपल्या सणांची नावं घराजवळच्याच जागांना, मामाच्या कुडपणला होळीचा माळ आहे तशी. दिवाळीचं बेट कशाला हवं?"

आपली माणसं सणाला घरी येतात! किती खात्रीने बोलला होतात, अप्पा.

वर्ष सरल्यावर मामा दुखवटा काढायला आला. तुम्हाला शर्टाचं कापड, मला फ्रॉक, सोबत गूळ आणि नारळ. ओसरीवर उकिडवा बसून म्हणाला, "दाजी, झालं आता वरीस. कढई चढवा. पोर लान हाय." तुम्ही "हो" म्हणालात. कापडाला हळद-कुंकूही लावून घेतलंत. पण ती कढई काही चढली नाही. त्या दिवाळीला नाही आणि पुढच्याही नाही. एका वर्षाचा दुखवटा तुम्ही आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलात.

का, अप्पा? पहिला घाणा तळला की आई खरंच गेली असं होईल, असं वाटलं का? की नुसतं तळता येत नव्हतं? मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

नववीत होते तेव्हाची गोष्ट. मैत्रिणीच्या घरी चकल्या पाडत होते आणि तो वास अंगात भरून घेऊन मी घरी आले. तुम्ही ॲटलास उघडून वाट बघत बसलेले. "कुठे जायचं आज?" मी उभ्या उभ्या बोलले, "नकाशातल्या सणाला वास नसतो, अप्पा. मला नाही यायचं." तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात आणि ॲटलास मिटलात. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. रद्दीत गेला असेल, असं धरून चालले. चांगलं भांडला असतात तर बरं झालं असतं!

आता एक कबुली. पुण्याला नर्स झाल्यावर दरवर्षी मी तुम्हाला फोनवर सांगायची, "दिवाळीत रजा मिळत नाही." ते खोटं होतं. रजा मिळत होती. मीच पुढे होऊन इतर मुलींच्या ड्यूट्या मागून घ्यायची. त्यांना वाटायचं, काय मनाची मोठी आहे ही! मला फक्त महाडला येऊन त्या गप्प घरात दिवाळी काढायची नव्हती. वॉर्डात निदान आकाशकंदील तरी असायचा.

एकदा तुम्ही फोनवर म्हणालात, "सणाला घरापासून लांब! मग तुझा वॉर्ड म्हणजे एक बेटच झालं की." तुम्ही गंमत करत होतात. मी म्हटलं, "अप्पा, पुरे आता," आणि फोन ठेवला. त्या दिवशी तुम्ही काय जेवलात हेसुद्धा मी विचारलं नाही.

यंदा खोटं सांगायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून रजेचा अर्ज दिला. लगेच मंजूर झाला, अप्पा. दोन मिनिटं लागली.

चार दिवस या घरात एकटी होते. काकूंनी पूर्वीसारखंच ताट आणून दिलं. मी करंजी हातात घेऊन बसले आणि कळलं, तुम्ही इतकी वर्षं असेच बसत होतात. फक्त तुमच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसायला मी जिवंत होते, आणि येत नव्हते.

आज सकाळी दारात मामा. पहाटे डोंगर उतरून पोलादपूरला एसटी धरलेली. गुडघे गेलेत त्याचे, तरी हातात पिशवी. माझ्यासाठी साडी, गूळ, नारळ. पाणी पिऊन म्हणाला, "कढई चढव गो."

"मामा, अजून वर्ष नाही झालं."

"पयल्या सणाला बी काढतात दुखवटा. तुज्या बापासाठी वरीसभर थांबलो, मंग सांगितलं. हो म्हनला आन् केलं नाय. तू हो म्हनू नको. कढई काढ."

कढई कुठे आहे तेच मला ठाऊक नव्हतं. माळ्यावर चढले. मागे अगदी कोपऱ्यात, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती सापडली. जड लागली म्हणून तिथेच लुगड्याची गाठ सोडली. आत आपला ॲटलास होता, अप्पा. आणि त्यावर मामाने दिलेलं शर्टाचं कापड, घडीसुद्धा न मोडलेलं. मी "नाही यायचं" म्हटलं आणि तुम्ही सणाचं सगळं एका जागी बांधून ठेवलंत. मी माळ्यावरच बसून रडले. खालून मामा हाका मारत होता, "सापडली का गो?"

कापड बघून त्याने घडीवरून हात फिरवला. "शिवलं बी नाय व्हय," म्हणाला. मी म्हटलं, तूच घे, शिवून घाल. तर म्हणतो, "दिलेलं परत घेत नाय."

मग आम्ही पुऱ्या तळल्या. मामाला गुरांचं सगळं येतं, पुरी लाटता येत नाही. मला तर त्याहून नाही. एक पुरी हुबेहूब ऑस्ट्रेलिया झाली. तुम्हाला दाखवायला मी वळलेसुद्धा! पहिली पुरी आईच्या आणि तुमच्या फोटोपुढे ठेवली. जरा करपली होती, सांभाळून घ्या.

आता मामा नाही. ॲटलास समोर उघडा आहे. दासगावचं टिंब अजून दिसतंय.

आणि एक उलटंच लक्षात आलंय. या दिवाळीला मी घरी आहे. लांब तुम्ही आहात. तुमच्या हिशेबाने आता नाव ठेवायची पाळी तुमची. तुम्ही जिथे असाल त्या जागेला दिवाळीचं नाव द्या, अप्पा. कोणत्या नकाशात नसलं तरी चालेल. मी एकदा त्यासाठी रडले होते, तेवढं लक्षात ठेवा.

माझ्याकडून शब्द देते. पुढच्या दिवाळीला रजा टाकीन, कोणाची ड्यूटी मागून घेणार नाही. घरात मी एकटी असले तरी कढई चढवीन, आणि ती पुन्हा माळ्यावर ठेवणार नाही. तळण झालं की हात पुसून ॲटलास उघडीन. "कुठे जायचं आज?" एवढं तुम्ही विचारा. मी येते.

तुमची,
मनी