नखांवरचा देखावा

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
८ सप्टेंबर १९९४, हरितालिका

प्रिय ताई,

पत्रात आधी नमस्कार, मग चौकशी, मग स्वतःचं रडगाणं, हे तूच शिकवलंस. तर नमस्कार. भावोजींनाही त्यातलाच अर्धा दे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. बाबाही आहेत तसेच, म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत. कॉलेज सोडल्यापासून जेवताना मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागतात. मीठ माझ्या पुढ्यात असतं.

दिवसभर काय करतोस, असं विचारलंस. भडकतो. पेपरवाल्यावर, लिफ्टवर, शेजारच्यांच्या कुकरवर. आणि दुपारी एक काम करतो, ते आज तुला सांगतो. ओरडू नकोस.

तुझा नेलपॉलिशच्या बाटल्यांचा बिस्किटाचा डबा मी फेकला नाही. लग्न होऊन चिपळूणला जाताना म्हणालीस, सुकतील त्या, टाकून दे. सुकल्या होत्याच, पण दोन थेंब रिमूव्हर घालून तळहातात घोळवल्या की पुन्हा जिवंत होतात. तुझ्या हाताखाली एवढी वर्षं बाटल्या हलवून दिल्या, फुकट नाही गेलं. मी रसिकाची नखं रंगवतो.

हो, समोरच्या दारातली रसिका. तू गेल्यावर एकदा दारात येऊन म्हणाली, "मिनलताई गेली, आता माझ्या हातांना कोण विचारणार?" मी म्हटलं, मी. ती हसत हसत खालीच बसली. मग डावा हात पुढे केला. "डावा देते हं. बिघडवलास तर ओढणीखाली लपवता येईल." पुढच्या आठवड्यात उजवाही मिळाला.

तू म्हणायचीस ना, "या वेळचा देखावा काय?" गणपतीच्या मंडळासारखं, तेच अजून चालू आहे. नारळी पौर्णिमेला निळ्यावर लाटा काढल्या, खराट्याच्या हिरेने. टिंबांना टाचणीचं डोकं. पंधरा ऑगस्टला आठ बोटांवर तिरंगा आणि अंगठ्यांवर चक्र. ती म्हणाली, "हे चक्र आहे की पंक्चर झालेला टायर?" तरी आठवडाभर मिरवलंन. घरी सांगते, स्वतःच काढलं. पोरगा पोरींची नखं रंगवतो म्हटलं तर तिचा भाऊ जितेंद्र मला बिल्डिंगमध्ये जगू देणार नाही. आई दुपारी बालवाडीत, बाबा ऑफिसात. कोणाला पत्ता नाही.

नवे शेड आणतो नया नगरातून. तिथे कॉस्मेटिकच्या दुकानात साहिल म्हणून आहे, माझ्याच वयाचा. रसिकाही तिथलीच गिऱ्हाईक. मी नाव सांगितलं तेव्हापासून मला "हमनाम" म्हणतो. "आओ हमनाम, मेहरून में नया माल है." कोणासाठी नेतोस, हे एकदाही विचारलं नाही त्याने. बिल्डिंगमध्ये मी बंड्याच. साहिल हे नाव बाबांनी ठेवलं आणि शाळेच्या दाखल्यातच राहिलं. रसिकाने कॉलेजच्या ओळखपत्रावर वाचलं, आणि आता कोणी नसलं की तेवढंच म्हणते. साहिल, जरा हळू. साहिल, अंगठा राहिला.

जुलैत तिचं ठरलं. माणगावचा पराग, सरकारी नोकरी, स्वतःचं घर. मला सांगितलं कधी, तर नखं ओली असताना. "चिडलास?" म्हणाली. मी म्हटलं, "हात हलवू नकोस, ओघळेल."

उद्या ती सासरच्या गणपतीला जाते आहे. आज दुपारी शेवटचा देखावा केला. लालवर हिरवी दुर्वांची जुडी, प्रत्येक नखावर. तिला म्हटलं, डोळे मीट, प्रतिष्ठेपर्यंत मूर्तीचं तोंड झाकतात, तसं. तिने खरंच मिटले. मग लाल लावण्याआधी तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर पांढऱ्याने तीन अक्षरं लिहिली. सा. हि. ल. वरून लाल. ती माझं नाव घेऊन त्यांच्याकडे मोदक खाईल आणि त्या परागला कळणारही नाही. एवढं तरी माझं असू दे की.

तुझा
बंड्या

*

२१ सप्टेंबर १९९४

प्रिय ताई,

बरी असशील. इकडे कोणी बरं नाही, त्यामुळे सुरुवातीलाच मुद्द्यावर येतो.

माणगावला काय झालं ते रसिकाच्या आईने आपल्या आईला पदर तोंडात कोंबून सांगितलं. मी आतल्या खोलीत होतो. परागची आई चांगली बाई दिसते, हेच वाईट झालं. गौरीच्या नैवेद्याला मोदकांची उकड काढली होती. रसिका नेलपॉलिश लावलेले हात मागे घेऊन उभी होती, तर ती म्हणाली, "अगं ये, मळ तूही. आमच्यात चालतं. देवाला काय हौस कळत नाही?" पोरगी बसली मळायला. उकड गरम, हाताला तेल-पाणी. दोन-चार वेळा मळली असेल नसेल, लाल साली सुटून पांढऱ्या उकडीत. दुर्वांसकट. आणि खाली नखांवर नाव.

परागच्या आत्याने हात धरून मोठ्याने वाचलं, बालवाडीतल्यासारखं. "सा... हि... ल. कोण गं हा?"

रसिका काय बोलणार? नखं स्वतः रंगवते, असं तिनेच सगळीकडे सांगितलेलं. म्हणजे नावही तिनेच लिहिलं. आणि माझं नाव सांगायचं तर दर आठवड्याला रिकाम्या घरात तासभर एका पोराच्या हातात हात देऊन बसते, हेही सांगावं लागलं असतं. ती गप्प बसली, आणि ते सगळे काय ते समजले. परागची आई फक्त म्हणाली, "पीठ गाईला घाला. नवीन पीठ घ्या." ताई, तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी परत पाठवली. घरी आल्यावर जितेंद्रने तिचा हात टेबलावर दाबून दाढीच्या ब्लेडने अक्षरं खरवडली. ब्लेड नखापाशी थांबलं नाही. तीन बोटांना चिंध्या गुंडाळल्यात. मला गॅलरीतून दिसल्या. मी हाक मारली नाही.

मग साहिल कोण, यावर बैठक बसली. ओळखीपाळखीत साहिल एकच निघाला. नया नगरातला, नेलपॉलिश विकणारा. सगळं जुळलं त्यांचं. दोन वर्षांपूर्वी दंगलीत जे झालं त्यानंतर असं जुळायला फार लागत नाही. समोरच्या दारात कोण राहतं, याचा विचारच कोणी केला नाही. मला आधी हसू आलं, खरं सांगतो. एवढी वर्षं बंड्या बंड्या करता ना, घ्या.

जितेंद्र आणि त्याचे मित्र त्याला भेटले. जे व्हायचं ते झालं. दुकान बंद आहे. ते लोक मुंब्र्याला नातेवाइकांकडे गेले म्हणतात. पोलिसात गेले नाहीत, आणि जाणारही नाहीत. आता चांगले शेड कुठून आणायचे, हा प्रश्न आहे, पण रंगवायचं तरी कोणाला?

लग्न मोडल्यात जमा आहे. एवढं मात्र झालं.

तू रागावून लिहू नकोस. मी आधीच फार रागात आहे.

बंड्या

*

१६ ऑक्टोबर १९९४

ताई,

तुझं पत्र आलं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, दोन प्रश्न. वरचा थर सालीसारखा सुटला कसा? आणि दुकानदाराला मारलं तेव्हा तू कुठे होतास?

पहिल्याचं उत्तर तुला माहीत आहे, म्हणून तर विचारलंस. एकावर एक धरलेलं नेलपॉलिश गरम पाण्याने सुटत नाही. मधे तेल लागलं तरच सुटतं. तू मला रंगवण्याआधी नख पुसायला लावायचीस ते त्यासाठीच. पांढरी अक्षरं वाळल्यावर मी त्यांवर बोटाने खोबरेल फिरवलं, मग लाल लावलं. मुद्दाम. तिकडे गेल्यावर एक-दोन दिवसांत निघेल, कोणाच्या तरी समोर निघेल, एवढंच डोक्यात होतं. उकड डोक्यात नव्हती. ती माणगावचीच अक्कल.

दुसऱ्याचं उत्तर. मीच त्याला बोलावून आणलं.

जितेंद्र म्हणाला, "बंड्या, तू त्याच्या दुकानात जातोस ना? नया नगरात घुसून राडा नको. इकडे घेऊन ये." मी गेलो. म्हटलं, सिल्व्हर पार्कमध्ये लग्नघर आहे, बायकांना शेड बघायचेत. तो बाटल्यांची पेटी घेऊन निघाला. रिक्षात माझ्या मांडीवर ठेवली, फुटू नये म्हणून. "शादी किसकी है, हमनाम?" मी म्हटलं, शेजारची आहे.

बिल्डिंगच्या मागे मोकळ्या प्लॉटवर चौघं उभे होते. भर दुपार, वर गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. जितेंद्रने विचारलं, "रसिका को पहचानता है?"

"हाँ भाई, गाहक है. अपनी बहन जैसी."

"बहन के नाखून पे तेरा नाम कैसे आया?"

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने जितेंद्रकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. ताई, त्याला कळलं. सगळ्या मीरा रोडमध्ये एकट्यालाच. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. "हमनाम," एवढंच म्हणाला, "तू ही बोल ना इनको..."

पुढचं त्याच्या तोंडून निघायच्या आत मी त्याच्या तोंडावर मारलं. पहिला मीच. जितेंद्रही चमकला. "अरे बंड्या, भारी तापलास रे!" मग बाकीचे. मी नंतर बाजूला झालो, माझी मूठ त्याच्या दातावर फाटली होती. बाटल्या फुटल्या, ते किती रंग होते तुला सांगूच शकत नाही.

त्या दिवसापासून जितेंद्र मला घरचा समजतो. परवा चहाला बोलावलं.

आणि गंमत ऐक. त्याने माणगावला कळवलं की पोराचा बंदोबस्त केला, दुकान बंद, विषय संपला. परागची आई म्हणाली, पोरीचं मन जागेवर असेल तर आमची ना नाही. डिसेंबरात लग्न आहे. माझं तेल, त्याचे दात, तिची नखं, सगळं जाऊन लग्न आहे तिथेच आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रसिका मला जिन्यात भेटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं थुंकेल. तिने विचारलं, "तूच मारलंस म्हणे पहिल्यांदा?" मी मान हलवली. ती कठड्याला टेकली. म्हणाली, "त्याच्याकडून मी तुझ्या वाढदिवसाला रुमाल आणवला होता. कोणासाठी, हे त्याला माहीत होतं. तरी मार खातानाही तो माझं नाव घेऊन काही बोलला नाही."

मग म्हणाली, "उद्या दादाला घेऊन सोनं द्यायला येईन. सगळ्यांसमोर तुझं नाव विचारीन. तू खरं सांग. पुढे जे होईल ते होईल, मी तुझ्या बाजूने उभी राहते. माणगावला जात नाही. एकदाच विचारीन."

ताई, वर्षभर ज्यासाठी तडफडलो, ते ती जिन्यात उभी राहून देत होती. मला फक्त माझं नाव सांगायचं होतं.

आली. जितेंद्र, तिची आई, ती. बाबा खुर्चीत, आई दारात. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" झालं. तिने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. नखं अशी कापलीत की बोटांची टोकं लाल दिसतात. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "बंड्या, पत्रिकेच्या पाकिटावर तुझं नाव लिहायचंय. खरं नाव काय रे तुझं?"

जितेंद्र हसला. "आयला हो! एवढी वर्षं बंड्या बंड्या. काय रे नाव तुझं?" आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. हात जड आहे त्याचा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती एक पाऊल माझ्या बाजूला सरकली होती. मला दिसलं ते.

"सुहास," मी म्हटलं.

आईने लगेच, "हो हो, सुहास. आत्याने ठेवलेलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा. मग पेपर वर धरला.

रसिका म्हणाली, "छान नाव आहे." आणि आईच्या हातावर सोनं द्यायला गेली.

पत्रिका काल आली. चि. सुहास, सहकुटुंब. जितेंद्रने मला मांडवाचं काम दिलंय.

या वेळी पाकिटावर तू माझं पूर्ण नाव ठळक अक्षरात लिहिलंस, ते का, हे कळलं मला. पण पत्रं खालच्या पेटीतून बऱ्याचदा जितेंद्रच वर आणतो. तेव्हा यापुढे लिहिशील तर नीट लिही. लिहिशील तर.

तुझा भाऊ
सुहास