अर्ध्या बोटाची फट

सोमवार, ११ नोव्हेंबर

आमच्या आठशे गाडीचं जुनं इंजिन उतरवलं. चेनपुली ओढायला शेजारचा डोमा होता. गिअरबॉक्स गाडीतच ठेवला — नागपूरहून आणलेलं दुसरं इंजिन त्यालाच जोडायचं.

रेडिएटरचा पाइप सहज हातात आला. क्लिप ढिली! तो पाइप मीच बदलला होता. क्लिप बोटांनी फिरवली, चहाला गेलो, पेचकस लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याहून येताना पाणी सांडलं, इंजिन जाम. बायको, चंद्रकला, चालवत होती. आणि मी बॉनेटमध्ये नीट न पाहताच तिला चार माणसांदेखत म्हणालो, तापमानाची सुई पाहता येत नाही का?

क्लिप खिशात घातली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

चंद्रकलाला बसस्टँडवर सोडून आलो. सिहोऱ्यात तिचा शिवणवर्ग असतो, मंगळवार-शुक्रवार. पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकली ही बाई! सारं तुमसर हसलं, तरी शिकली. आता म्हणते, गाडी झाली की विकून टाका, मी हात लावणार नाही.

सांगायला हवं. रात्री जेवताना तोंड उघडलं आणि म्हणालो, वांग्यात मीठ कमी आहे. लाज वाटते स्वतःची.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

क्लचप्लेट मध्यावर बसवली. बाकी काही नाही. सांगितलंही नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज जोडणी. डोमा साखळीवर, मी गाडीखाली, आणि पान्याने इंजिनाची पुली हळूहळू फिरवायला चंद्रकला. नको नको म्हणत होती, पण तिसरं माणूस आणायचं कुठून? गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या दातांत अलगद शिरला. मग अडलं. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये अर्ध्या बोटाची फट! हलवलं, उचललं, नीट फिरव म्हणून तिच्यावर दोनदा खेकसलो. फट तशीच.

जवाहरनगरच्या कारखान्यात एकतीस वर्षं नव्या कामगारांना सांगत आलो — हाताने मिटत नाही ती फट बोल्टने ओढायची नाही, केसिंगचा कान तुटतो. आणि आज मीच बोल्ट लावला, पान्यावर जोर दिला. घमेंड, दुसरं काय!

“थांबा जी,” चंद्रकला म्हणाली. मोबाइलची बत्ती फटीत धरून वाकून पाहत होती. “या भोकात इकडूनबी खुटी हाय, तिकडूनबी खुटी हाय. बसन कसं?”

खरंच की! भोकं समोरासमोर जुळवायच्या खुंट्या — जुन्या इंजिनाच्या खुंट्या गिअरबॉक्समध्ये अडकून राहिलेल्या, आणि नव्या इंजिनाने स्वतःच्या वेगळ्या आणलेल्या. एका भोकात दोन. फिटर म्हणून पेन्शन खातो आणि हे दिसलं नाही! एका बाजूच्या उपटल्या, इंजिन हाताने रेटलं — टक्. फट मिटली. डोमा म्हणाला, काकूले कारखान्यात लावाले पाह्यजे होतं.

ती हसली नाही. “म्याच जाळलं होतं इंजिन, तं एवढं कराच लागते,” म्हणाली.

मी गाडीखाली होतो. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे गप्प राहणं सोपं गेलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

एका झटक्यात सुरू! सुई मध्यावर, तासभर हलली नाही. चंद्रकलाला हाक मारली. दारातूनच बघून आत गेली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी सांगून टाकलं. पाइप, क्लिप, चहा, सगळं. तिने भांडी घासता घासता ऐकून घेतलं. मग हात पुसले.

“कधीपासून मालूम होतं तुमाले?”

आठ दिवस, म्हणालो.

“मंग मांगच्या मंगळवारी मले बसस्टँडवर सोडलं, तवा काहून नाही सांगितलं?”

तिने चावी उचलली, गाडी काढली, एकटीच गेली.

पाच वाजता फोन आला. गाडी चांगली चालते, म्हणाली. आज तिथेच, वर्गातल्या शोभाताईकडे राहते. कधी येणार, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.