टाकीतलं पाणी तयार होईपर्यंत

अण्णा, तुमच्या नातीनं घरात माशांची टाकी आणलीय. दोन फुटांची, काचेची, हॉलमध्ये उन्हापासून लांब भिंतीला लावून ठेवलेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, नीटच्या क्लासला होती, तिथंच वसतिगृहात राहायची. दुसऱ्यांदाही मार्क कमी आले आणि ती बॅग उचलून धाराशिवला परत आली. आल्यावर रडली नाही, भांडली नाही. खोलीचं दार लावून बसायला लागली. जेवायला हाक मारली की यायची, ताटातलं संपवायची, हात धुवायची, परत दार. मी बँकेतून घरी येताना कोपऱ्यावरूनच तिच्या खिडकीकडं बघायची, पडदा सकाळी होता तसाच आहे की हललाय. तिचे वडील म्हणायचे, थोडे दिवस जाऊ दे, ठीक होईल. मला थोडे दिवस जाऊ देता येत नव्हते. अशात एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "आई, मला मासे पाळायचेत." तिनं हत्ती मागितला असता तरी मी हो म्हणाले असते.

टाकी आली, वाळू धुऊन झाली, हिरव्या वनस्पती लावून झाल्या, फिल्टर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मासे कधी आणायचे. ती म्हणाली, "आत्ता नाही. पाणी तयार व्हायला पाहिजे."

"पाण्याला काय शिजवायचंय?"

"माशांच्या घाणीचं विष होतं आई. ते पचवणारे जंतू आधी टाकीत वाढावे लागतात. महिनाभर तरी लागेल."

महिनाभर आमच्या हॉलमध्ये रिकामं पाणी गुरगुरत होतं. इथं नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, आणि पोरगी बादल्या भरून टाकीसाठी राखून ठेवतेय. शेजारीण विचारून गेली, मासे मेले का सगळे? मी काय सांगणार! मला वाटायचं, कायतरी जिवंत हलू दे त्यात, म्हणजे हिचंही मन हलेल. एकदा न सांगता मी माशांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्ये टायगर बार्ब न्या, लई चपळ. आन् त्याच्यात दोन एंजल टाका, टाकी भरल्यावानी दिसंल." मी दोन्ही बांधून घेणार होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिला फोन लावला. तिनं शांतपणे सांगितलं, "ते बार्ब एंजलचे लांब पर कुरतडून टाकतील. आणि एंजल आपल्या टाकीत मावणारही नाहीत. तू घरी ये."

त्या संध्याकाळी मी चपात्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून बोलत होती. लहान टाकी आहे, दोनच जाती ठेवायच्या, पण प्रत्येकीचा थवा पाहिजे. थव्यातला मासा एकटादुकटा ठेवला की एक तर दडून बसतो, नाही तर दुसऱ्याला छळतो. वर पोहायला झेब्रा, ते सोशिक असतात. तळाला कोरीडोरास, मिशावाले, बुटके, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नियॉन तिला लई आवडतात, पण आपलं पाणी जड, क्षारांचं, त्यांना मानवत नाही. परत आल्यापासून ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. तव्यावरची चपाती करपली, ती मी तशीच खाली उतरवली, मध्येच तिचं बोलणं तुटू नये म्हणून.

आणि अण्णा, ऐकता ऐकता मी मनानं आपल्या अणदूरला पोचले होते. माझा बारावीचा निकाल. शाळेच्या फळ्यावर यादी लागलीय आणि ज्या शाळेत तुम्ही सायन्स शिकवता, तिथं तुमचीच पोरगी फिजिक्स-केमिस्ट्रीत राहिलीय. तुम्ही हातातलं डस्टर तसंच घेऊन बाहेर येता, यादी वाचता, आत निघून जाता. घरी आईनं कपाळाला हात लावला, काका बोलून गेले. तुम्ही जेवलात आणि झोपलात. सकाळी म्हणालात, "चल, सोलापूरला जाऊन येऊ. शाळेच्या टाकीत मासे न्हाईत." एस.टी.त खिडकीशी मी बसलेय. नळदुर्गाच्या बाजूनं भरून आलेल्या गाडीत तुम्ही माझ्या शेजारी, आणि मी वाट बघतेय, आता बोलाल, बोरामणी गेल्यावर बोलाल, सोलापूर आल्यावर बोलाल. दुकानात तुम्ही दुकानदाराशी किती वेळ बोलत बसलात, कोण कुणाबरोबर नांदेल, कोण कुणाला खाईल. माझ्याशी नाही. येताना पिशवी माझ्या मांडीवर दिलीत, वरून तुमचा टॉवेल टाकलात. मी दर गावाला टॉवेल उचलून बघायची. शेवटी तुम्ही म्हणालात, "झाकून ठेव. सारखं उघडून बघू नको, घाबरतेत ते." त्या अख्ख्या दिवसात मला तुम्ही तेवढंच रागावलात. प्रयोगशाळेत पिशवी टाकीत तरंगत सोडून आपण दोघं उभे होतो, तुमच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. निकालाचं तुम्ही त्या दिवशी काढलं नाहीत, नंतरही कधी नाही. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मी सुटले. पण आजवर मला ठरवता आलेलं नाही की तेव्हा तुम्हाला राग आला होता, लाज वाटली होती, की भीती.

आमच्या टाकीत शेवटी मासे आले. आधी झेब्रा, मग थोडे दिवस जाऊ देऊन कोरीडोरास. ती खोलीतून बाहेर येऊन टाकीपुढं मांडी घालून बसायला लागली. मी जरा श्वास घेतला असेल नसेल, तोच एका सकाळी फिल्टरजवळ एक झेब्रा उलटा तरंगताना दिसला. ती अजून झोपलेली. चहाच्या गाळणीनं त्याला काढलं, कुंडीतल्या मातीत पुरलं, बँकेत उशीर होईल म्हणून फोन केला आणि माशांच्या दुकानाचं शटर उघडेपर्यंत रस्त्यावर उभी राहिले. तसलाच एक आणून सोडून दिला.

संध्याकाळी ती म्हणाली, "हा नवीन आहे."

"कशावरून?"

"रंग उतरलाय त्याचा. आणि बाकीचे त्याच्या मागं लागलेत. एक मेला होता का?"

मी हं म्हणाले.

"मग सांगायचं ना. नवीन आणला तर आधी वेगळा ठेवायचा असतो, रोग असला तर सगळ्यांना लागेल." मग तिनं मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. "आई, मासा मेला म्हणून मी जिवाचं काही करून घेईन, असं वाटलं तुला?"

अण्णा, मी तिथंच फरशीवर बसले. तिनं उठून मला पाणी आणून दिलं.

पुढचे दिवस आम्ही दोघी त्या नव्या माशावर नजर ठेवून होतो. तो टिकला, रंगही परत आला. काल रविवारी ती टाकीतलं जुनं पाणी काढून गच्चीतल्या कुंड्यांना घालत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "तू पण बारावीला राहिली होतीस ना? मावशी सांगत होती. अण्णा काय म्हणाले मग?"

मी म्हणाले, "अण्णा म्हणाले, राहिलीस तर राहिलीस. तू हायस, मला तेवढं बास."

तिच्या हातातला पाण्याचा मग थांबला. "असं म्हणाले?"

"व्हय."

मग ती कठड्याला टेकून बसली आणि लातूरचं बोलायला लागली. ऊन उतरेपर्यंत बोलत होती. पुन्हा परीक्षा देणार नाही म्हणाली. मी ऐकत होते.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. तुम्ही असलं काही म्हणाला नव्हतात. ते माझं होतं. मला ते माझ्या तोंडानं म्हणायला जमेना, म्हणून तुमच्या नावावर खपवलं.