नखं दाखवणारा वाघ

मळा, सारंगखेडे
चैत्र वद्य पंचमी, शके १८५७

ती. दोधूदादा यांस,

धनूचा नमस्कार. वहिनीलाही सांग. मी खुशाल आहे, आणि हे पत्राची रीत म्हणून लिहीत नाही. खरोखरच खुशाल आहे. गाय व्यायली, कालवड झाली. ऊस डोक्याच्या वर गेला आहे. ऊन मात्र असं पेटलं आहे की दुपारी विहिरीचा दोरसुद्धा हातात धरवत नाही. म्हसावदला तुमच्याकडे आंबे धरलेत का?

तुझं पत्र पोचलं. बिबट्या अंगणापर्यंत आला, शेळी मारली, आता बाईमाणसाने मळ्यात एकटं राहण्यात अर्थ नाही, मळा भिलाभाऊजींच्या हवाली कर, येत्या अक्षय्यतृतीयेला, आखाजीला, तुला न्यायला मुऱ्हाळी पाठवतो त्याच्याबरोबर कायमची निघून ये, असं तू लिहिलंस. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे. वाचून मी चूल पेटवली, भाकरी केल्या, जेवले आणि मग पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा रागच आला.

दादा, मी येणार नाही.

आखाजीचा झोका मला काय आवडत नाही? सासरी आल्यापासून एक आखाजी चुकवली नाही मी. पण हे गेले तेव्हा यांची आणि भिलाभाऊजींची, दोघा भावांची वाटणी होऊन गेली होती. विहीर आणि हा ऊस आमच्या वाट्याचा. मी इथे उभी आहे तोवर तो माझा, हे गाव जाणतं, भाऊजीही जाणतात. मी एकदा माहेरच्या गाडीत बसले की त्यांचे बैल आत शिरलेच म्हणून समज. मग कायमचं माहेरपण, म्हणजे वहिनीच्या चुलीपाशी जन्मभर पाहुणी. नको रे बाबा.

आता बिबट्याचं. तू मला त्याची भीती घालतोस म्हणून सांगते. उसात बिबट्याची मादी आहे, गेल्या दिवाळीपासून आहे. मी तिला शेजारीण म्हणते. आधी मीही घाबरले होते. कुऱ्हाड उशाशी घेऊन झोपत होते. मग रोज तिच्या खुणा पाहून पाहून ती मला कळत गेली, जशी कुठलीही शेजारीण कळते. तिचे कान फार तिखट. मी ओसरीवर कणगीचं झाकण हलवलं तरी उसात सळसळ थांबते. अंधारात तिला दिसतं, मला दिसत नाही, तेवढं तिचं जास्त. पण नाकात तिला म्हसावदचा आपला मोत्या कुत्रा हरवील. दमही कमी. पहिल्या झेपेत मिळालं तर मिळालं, नाहीतर पाठलाग सोडून देते. आणि दादा, ती भित्री आहे. सायाळ समोर आली तर वाट सोडते. एक काटा पंजात मोडला तर ती लंगडी होईल, लंगडी झाली तर उपाशी मरेल, हे तिला पक्कं ठाऊक. तिच्या मागे तरी कोण आहे करून घालायला? म्हणून ती माणसाच्या वाटेला जात नाही. बांधावरून जाते तेव्हा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकते, थोडी कडा तेवढी बाहेर सुटते, आणि नखं आत ओढलेली असतात. चिखलात नख कधी उमटत नाही. कुत्र्याचं उमटतं, तरसाचं उमटतं. तिचं नाही. नखं तिने कामासाठी राखून ठेवलेली असतात.

आता अंगणात आलेल्या वाघाचं ऐक.

सकाळी उठले तर शेळी दारात पडलेली, गळा सरळ चिरलेला. शेजारणीने मारली असती तर मानेत दात रुतले असते, आणि शेळी उसात ओढून नेली असती. पोटासाठी मारतं ते जनावर शिकार दारात मांडून जात नाही. पाटाच्या कडेला चिखलात ठसे होते, हे मोठाले, आणि एकेका बोटापुढे नखाचा खड्डा. पुढचा पाय कुठे, मागचा कुठे, हे शोधायला मी वाकले. मागचा नव्हताच, एकाही ठशावर दुसऱ्याची कडा नव्हती. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. दोन पायांवर चालणारा वाघ! रागात असूनही मला हसू फुटलं.

पण मजूर कशाला वाकून बघतात? शेळी पाहिली, नखं पाहिली आणि पळाले. त्या दिवसापासून मोट धरायला कोणी येत नाही. मी आणि शांतीबाई, दोघीच मोट हाकतो. शांतीबाई म्हणजे पलीकडच्या मळ्यातली, माझ्यासारखीच कपाळ पुसलेली. दोघींच्याने निम्मा ऊससुद्धा भिजत नाही. खालची सरी वाळायला लागली आहे. वाघ पाठवणाऱ्याला हेच हवं होतं.

शेळी मेली त्याच दुपारी भिलाभाऊजी घोड्यावर बसून समाचाराला आले. घोडा यात्रेतला, नवा, पाचोळा उडाला तरी बुजणारा. तो सरळ त्या ठशांवरून चालत आला, चिखल हुंगला आणि पाटाचं पाणी प्यायला लागला.

"वहिनी, आते तरी घर चाला," भाऊजी म्हणाले. "जनावरना काय भरोसा शे?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हना घोडाले वास उना नही का?"

"कसाना वास?"

"वाघना."

त्यांनी लगाम खेचला. "तुम्ही एकली बाई. उद्या काही व्हयनं तं गाव माले बोल लाई."

"मी आठेच शे," मी म्हटलं. "वाघले सांगा, मी आठेच शे."

मी इथून हलत नाही, हे ऐकून ते पाणीही न पिता गेले.

इथवर लिहून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. गाईला पाणी पाजून आले. पुढचं लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. आता लिहिते.

त्या ठशांत डाव्या पायाचं तिसरं बोट आखूड आहे, दादा.

म्हसावदच्या सोंगांसाठी तू वाघाचं डोकं आणि लाकडी पंजे कोरलेस तेव्हा मी तुझ्यासमोर बसले होते. खडावांसारखे पायात अडकवायचे पंजे. नखं बाहेर काढ, नखं दिसली नाहीत तर लोक भितील कशाला, असं मीच तुला सांगत होते. तिसऱ्या बोटावर पटाशी निसटली, बोट तुटलं आणि तुझा अंगठाही फाटला. हळद मी दाबली होती. तेव्हापासून ते पंजे तू कोणाच्या हाती दिले नाहीस. पाटलांनी एका रात्रीसाठी मागितले तर त्यांनाही नाही म्हणालास. मग भाऊजींना देताना कशाला हवेत, हे तू विचारलंच असशील. विचारल्याशिवाय तू देणार नाहीस. तुला मी ओळखते.

का दिलेस, तेही मला कळतं. त्यांच्या मोतीलालासाठी त्यांनी तुझ्या मीनाला मागणी घातली आहे, हे वहिनीच्या भावाकडून मला कळलं. मोठं घर, नदीकाठची काळी जमीन. बापाला मोह पडतो. पण दादा, ज्या घराला एका बाईला हुसकायला शेळीचा गळा चिरावा लागतो, त्या घरात तू लेक देणार? उद्या तिचा नवरा गेला तर तिच्या दारातही असाच वाघ येईल. तेव्हा ती कोणाला पत्र लिहील? तुलाच ना?

मला रडू येत नाही. तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त लाज वाटते तुझी.

आता काय करायचं ते सांगते. पाटाच्या कडेचा चिखल उन्हाने वाळून दगड झाला आहे. त्यातल्या सगळ्यात चांगल्या ठशावर मी पाटी पालथी घातली आहे, वर धोंडा ठेवला आहे. शांतीबाईखेरीज कोणाला दाखवलेला नाही. आखाजीपर्यंत दाखवणारही नाही. मुऱ्हाळी पाठवू नकोस. तू स्वतः ये, दिवसाउजेडी ये, गावच्या पारावर मजुरांसमोर उभा राहा आणि पंजे कोणी कोरले, कोणाला दिले, ते तुझ्या तोंडाने सांग. मग मीनाची सोयरीक मोड. एवढं केलंस तर तुला पुरणपोळी करून घालीन आणि या गोष्टीचं नाव पुन्हा काढणार नाही.

नाही आलास तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाटील आणि पंच मळ्यात येतील. पाटी मी माझ्या हाताने उचलीन, आणि ते बोट कोणाच्या पटाशीने तुटलं, हेही माझ्याच तोंडाने सांगेन. ऊस मी वाळू देणार नाही, दादा. त्यासाठी तुझं नाव घ्यावं लागलं तर घेईन.

मीनाला माझा आशीर्वाद. हे पत्र तिला वाचून दाखव. तुला जमलं नाही, तर तिच्या हातात दे. तिला वाचता येतं, मीच शिकवलं आहे.

आखाजीपर्यंत तरी तुझीच बहीण,
धनू