दादा, तुझं देणं सायली फेडणार नाही

प्रिय दादा,

उद्या तुझं तेरावं. पंगत उठली की तुझा जुना मित्र आणि सावकार नानू शेट पडवीत बसून सुपारी कातरेल आणि सायलीपुढे एक कागद सरकवेल. बापाचं कर्ज मी माझ्या नावावर घेते, असं तिच्याकडून लिहून घ्यायचा त्याचा बेत आहे. त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसले. जिवंत होतास तेव्हा तू भांडू दिलं नाहीस. विषय निघाला की "गो कुंदा, चाय घे" म्हणायचास आणि उठून जायचास. आता कुठे जाशील?

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का रागावू नये? त्यानं मागे ठेवलेलं निस्तरायचं जिवंत माणसांनी, आणि त्याला चार शब्द ऐकवायचीही चोरी?

माझी निम्मी भाषणं तुझ्याच माईकवरून झाली. मंडप तुझा, खुर्च्या तुझ्या, स्पीकर तुझे, आणि मागे मशीनपाशी मान खाली घालून बसलेला तू. सभेतला एक माणूस तरी माझं प्रत्येक वाक्य ऐकतो आहे, असं मला वाटायचं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाची ती संध्याकाळ आठवते? मी कर्जावर बोलत होते. "दिवाळखोरी हा गुन्हा नाही. कर्जात पुरता बुडालेल्या माणसासाठी कायद्यानं ठेवलेली ती वाट आहे," एवढं म्हटलं आणि माईक बंद! मागे वळून पाहिलं, तर वायर तुझ्या हातात.

"लोड आयलो," तू म्हणालास. लोक हसले. तुझ्या माईकवर कधी लोड आला होता रे? नंतर खुर्च्या एकात एक घालताना पुटपुटलास, "माझ्या मायकार असली अवलक्षणी भाषा नको. लोक लग्नाक नेतत तो."

त्या संध्याकाळी मला कळलं, की तुझ्या घरात काहीतरी जळतं आहे.

तू उधळ्या नव्हतास. दारू नाही, जुगार नाही. करोनाच्या आदल्या वर्षी पतसंस्थेचं कर्ज काढून लोखंडी सांगाडे, नवे दिवे, जनरेटर घेतलास. वहिनीनं सहकर्जदार म्हणून सही केली. तू बोट दाखवलंस तिथे तिनं केली. मग लग्नं घरातल्या घरात होऊ लागली, जत्रा बंद पडल्या. त्यात वादळानं शेडचं छप्पर उचलून नेलं. यात तुझा गुन्हा कोणता होता? एकही नाही! पण पतसंस्थेचा हप्ता भरायला तू नानू शेटकडून पैसे घेतलेस, आणि नानू शेटचं व्याज भरायला आणखी कुणाकडून. गळक्या होडीतलं पाणी दुसऱ्या गळक्या होडीत ओतत राहिलास.

मी तुला ओरोसला, जिल्हा कोर्टातल्या वकीलबाईंकडे ओढून नेलं. किती सोपं करून सांगितलं त्यांनी! जे आहे ते सगळं कोर्टापुढे मांडायचं. कोर्ट माणूस नेमतं, तो मालमत्ता विकून घेणेकऱ्यांना ज्याच्या त्याच्या हिश्शानं वाटून देतो. तुमचा व्यवहार सरळ असेल तर उरलेल्या देण्यातून कोर्ट तुम्हाला मोकळं करतं. लपवाछपवी केलीत तर सुटका नाही, आणि सरकारचं देणं तसंच राहतं. कायदा इंग्रजांच्या काळातला आहे. नवा कायदा झालाय, पण त्यातलं साध्या माणसाचं दार सरकारनं अजून उघडलेलं नाही, तोवर हीच जुनी वाट.

सगळं ऐकून तू एकच प्रश्न विचारलास. "बाई, ह्या पेपरात येता?"

"राजपत्रात येतं. शिवाय कोर्ट सांगेल तिथे नोटीस लागते," त्या म्हणाल्या.

तू चपला घातल्यास. खाली रस्त्यावर आल्यावर मला म्हणालास, "आपल्या बापाशीन कोणाचो पैसो बुडवक नाय. मी काय दिवाळा काढूचंय नाय."

बुडवणं आणि बुडणं यात फरक असतो, हे त्या रस्त्यावर उभी राहून मी तुला ओरडून सांगितलं. येणारे जाणारे बघत होते. तुला माझ्या म्हणण्यापेक्षा त्यांच्या बघण्याचीच लाज वाटली. अरे, मोठमोठ्या कारखानदारांची कर्जं निम्म्यावर सोडली जातात, तेव्हा त्याला पुनर्रचना म्हणतात, तडजोड म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक व्यासपीठावर हार घालून घेतात. तुझ्याच मंडपात घातलेत! त्यांच्यासाठी तूच लाल गालिचा अंथरलास. कंपनी सुटते तो व्यवहार आणि मंडपवाला सुटतो ते पाप, हे कुणी शिकवलं तुला?

आणि मंगळसूत्राचं काय? त्याच बैठकीत वकीलबाई म्हणाल्या होत्या, की अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, बायकोचं मंगळसूत्र यांना कोर्ट हात लावत नाही. कोर्ट हात लावत नाही, दादा! आणि तू ते नेऊन विकलंस. नानू शेटला व्याज द्यायला. तू गेल्यावर बायका वहिनीच्या गळ्यातलं काढायला आल्या, तेव्हा ते पितळेचं निघालं. सगळ्यांनी पाहिलं. वहिनी नुसती जमिनीकडे बघत होती. ज्या अब्रूसाठी तू हे केलंस ना, ती त्या क्षणी कुठे होती ते मला सांग.

फोंडाघाटच्या लग्नात सांगाडा उचलताना तुझ्या छातीत कळ आली. पित्त म्हणालास आणि सोडा प्यायलास. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, तेव्हा खर्च विचारलास आणि तेवढे पैसे नानू शेटकडे पोचवलेस. हे मला नानू शेटनंच सांगितलं, तुझं कौतुक म्हणून! "मरपाच्या टायमार पण माणूस व्याज चुकवक नाय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याची किळस आली.

आता परवाचं ऐक. दहाव्याला सायलीच्या चुलत भावानं, सुहासनं, तुझे पिंड खाडीकाठी ठेवले. आपल्याकडे बायका तिथे जात नाहीत, म्हणून आम्ही घरी होतो. कावळे माडावर बसून राहिले, खाली एकही उतरेना. वहिनीला सांभाळू म्हणून झालं. चेडवाचं लग्न करून देऊ म्हणून झालं. कुणीतरी म्हणालं, "कावळे खंय येतले? सगळे मालवणाक हॉटेलांच्या पाठल्यादारी. तळललो बांगडो सोडून भात खावक येवक ते काय येडे आसत?" लोक हसले. मग नानू शेट हळूच म्हणाला, "तेचो जीव कर्जात अडाकलो आसा. चेडवाक बोलवा."

आणि त्यांनी सायलीला बोलावलं! एरवी बाईची सावली चालत नाही, पण कर्ज घ्यायला चालते. मी तिच्याबरोबर गेले.

"बोल गो बाय," एक म्हातारा तिला समजावत होता. "म्हण, बाबांनू, तुमचा कर्ज मी फेडतलंय. मगे बघ कसो शिवता तो."

"मी काय मागतंय?" नानू शेट म्हणाला. "मी थांबान. माझा कायएक नाय. तेच्या जीवाक गती मेळूक व्हयी म्हणान सांगतंय."

सायलीनं हात जोडले. तिचे ओठ हलायला लागले होते, दादा. कणकवलीच्या लॅबमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचं रक्त तपासून मिळवलेला पगार, तिचं उभं पुढचं आयुष्य, एका वाक्यात जाणार होतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि माडाकडे बघून ओरडले, "दादा, चेडू तुझा कर्ज फेडूचा नाय! तुका येवचा तर ये, नायतर रव थयच!"

"कुंदाबाय, मेल्ल्या माणसाक असा बोलतत?" नानू शेट.

"जित्या माणसाक तू काय केलंस ता बोलूक लावू नको माका," मी म्हटलं.

कावळा आला नाहीच. ऊन चढलं, लोकांना भूक लागली. शेवटी भटजींनी पिशवीतून दर्भ काढले, दोन-चार गाठी मारून कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. झालं! सगळ्यांनी नमस्कार केले आणि आंघोळीला गेले.

मी तिथेच उभी राहिले, बघत. आपल्याच शास्त्राला ठाऊक होतं, की कधीकधी कावळा येतच नाही. वाट बघून बघून माणसं थकतात. म्हणून त्यानं अडलेल्याला सोडवायची सोय करून ठेवली. दर्भाचा कावळा झाला म्हणून कुणी सुहासला लबाड म्हणालं? तुझ्या घराण्याची नाचक्की झाली? कुणाच्या भुवया तरी वर गेल्या? नाही. उलट भटजींना दक्षिणा जरा जास्तच मिळाली. मग अडलेल्या जित्या माणसासाठी कायद्यानं अशीच सोय ठेवली, तर तीच माणसं नाकं का मुरडतात? मेलेल्याला मोकळं करायला तुमच्याकडे गाठ मारलेलं गवत चालतं, आणि जिवंत माणसाला मोकळं करायला न्यायाधीशाचा शिक्का चालत नाही? हे मी सुहासला विचारलं. तो म्हणाला, "आते, पंचे सुकत घालूचे आसत." शहाणा आहे. तुझ्यासारखाच.

आज दुपारी वहिनी मागल्या पडवीत उद्याचे तांदूळ निवडत होती. सायली शेजारी. मी दोघींना सगळं सांगितलं. बापाचं देणं मुलीला आपल्या कमाईतून फेडावं लागत नाही. त्यानं ठेवलेल्या मालमत्तेतून जेवढं जाईल तेवढंच. सायलीनं काही बोलू नये, कुठे सही करू नये. पण वहिनीची पतसंस्थेकडे सही आहे, ती सुटत नाही. तिच्यासाठी ओरोसची वाट आहे. तुझ्यासाठी होती तीच.

"घर?" वहिनीनं विचारलं.

"घर दादाच्या नावावर आहे. ते जाऊ शकतं. खोटं कशाला सांगू?"

"मगे रवतलंव खंय?" सायली म्हणाली.

"वालावलाक माझ्या भावाकडे पाठली खोली आसा," वहिनी म्हणाली. "थय काय चूल पेटणा नाय?" तिनं सुपात चार खडे शोधले, बाहेर टाकले. मग मला म्हणाली, "कुंदा, माका दिवाळखोर म्हणतले?"

"म्हणतले."

"तोंडार?"

"काही जण तोंडावर. बाकीचे तिठ्यावर."

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मला वाटलं, झालं, हीसुद्धा आता चपला शोधणार. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत तिनं. माझ्या जिभेवर चांगलं तासाभराचं भाषण तयार होतं. ते करायची वेळच आली नाही.

"तुझ्या दादाक सगळे बरो माणूस म्हणीत," ती म्हणाली. "बरो माणूस, बरो माणूस म्हणान म्हणान मारल्यांनी तेका. माका वायट म्हणांदे. मी जगतलंय."

ऐकलंस? आयुष्यभर पुस्तकं वाचून, सभा गाजवून मला जे तुझ्या गळी उतरवता आलं नाही, ते हिला कुणी सांगावं लागलं नाही. आणि हीच बाई तुझ्या घरात होती! तिला एकदा तरी विचारलं होतंस? सही घेताना विचारलं नाहीस, गळ्यातलं काढताना विचारलं नाहीस. तिला विचारलं असतंस, तर आज तू जिवंत असतास, पडवीत तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडत.

तर आता माझा शब्द घे. उद्या नानू शेटनं कागद काढला, की सायली हात मागे बांधून उभी राहील आणि मी तिच्या बाजूला. त्यानं जुन्या मैत्रीची आण घातली तर मी पंगतीसमोर त्याला एकच विचारेन, सावकारीचा परवाना दाखव. कोर्टाची सुट्टी संपली की वहिनीला घेऊन ओरोसला जाईन. तारखा पडतील, वर्ष जाईल, कदाचित त्याहून जास्त. एकही तारीख ती एकटी जाणार नाही. घर गेलं तर तिचं सामान मीच वालावलला पोचवीन, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि अजून एक. तू गेलास त्या दिवसापासून मी रडलेली नाही. गावात त्याचीही चर्चा आहे. वहिनीच्या हातात कोर्टाचा सुटकेचा हुकूम पडला, की मग मी तुझ्यासाठी रडायला बसेन. पोटभर रडेन, दादा. तोवर माझा राग राहू दे.

तुझी धाकटी,
कुंदा