घरामागचा समुद्र

मलाक्का, शुक्रवार

प्रिय समिहा,

तुम्ही सगळी सुखात असाल असं धरून लिहायला बसलोय. मीही बरा आहे. गुडघा फक्त चढावर कुरकुरतो, काळजी नको. आईचा खोकला थांबला का?

काल सिंगापूरहून आलेली एक आजी माझ्या सायकलरिक्षात बसली, लहानपण इथेच गेलेली. मी नेहमीसारखा लाल चर्चकडे वळलो, तर म्हणाली, "ते राहू दे रे! आमच्या घरामागचा समुद्र दाखव. मागच्या पायऱ्यांवरून आम्ही पोरी थेट पाण्यात उड्या मारायचो."

"आजी, तिथे भराव घातलाय. आता हॉटेलं आहेत."

"मग समुद्र कुठे गेला?"

"लांब सरकला."

"मग लांब चल."

भर उन्हात नेलं. पायांत त्राण उरलं नव्हतं. ती खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि मला म्हणाली, "तूही बस. किती दमलायस! घरी कधी जाणार?"

समिहा, इथे आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. तिथे बसूनच ईदपर्यंतचे दिवस मोजले.

मी ईदपर्यंत थांबत नाही, पुढच्या आठवड्यात निघतो. आईला एवढ्यात सांगू नकोस, रोज दारात बसून राहील.

मुलींना पापे.

तुझा,
रोस्ली